सतरा तासांचा जमाखर्च

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी सकाळी हवाईमधील ओआहू बेटावर, वैकीकीच्या किनाऱ्याजवळ, पंधरा पुरुष समुद्रात उतरले. प्रथम २.४ मैल, म्हणजे सुमारे ३.८ किलोमीटर पोहायचे. पाण्याबाहेर येताच ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर सायकल चालवून बेटाला वळसा घालायचा. आणि सायकलवरून उतरल्यावर ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची. हे सारे एकाच दिवशी, सलग. बक्षिसाची रक्कम नव्हती. वाटेत पाणी देणारे, फळे कापून ठेवणारे कोणी नव्हते; ज्याने त्याने आपले मदतनीस आणि आपली शिदोरी आणायची होती. पंधरांपैकी बारा जण शेवटपर्यंत पोहोचले.

या उपक्रमाची कल्पना अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांची. त्यांनी व त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे पोहणे, सायकल आणि धावणे यांची एक छोटी एकत्रित स्पर्धा पूर्ण केली होती. पुढे हवाईत बदली झाल्यावर एका बक्षीस समारंभात खेळाडूंमध्ये वाद रंगला. पोहणारा अधिक काटक, की धावणारा, की सायकलस्वार? बेटावर तिन्ही प्रकारांच्या मोठ्या स्पर्धा दरवर्षी होतच असत. कॉलिन्स यांनी त्या तिन्ही एका दिवसात जोडण्याचे सुचवले. सायकलची मूळ शर्यत ११५ मैलांची होती. त्यातले तीन मैल वगळले की सायकल जेथे संपते तेथूनच मॅरेथॉन सुरू होते, एवढ्या साध्या हिशोबातून ११२ हा आकडा आला. आज जगभर ‘आयर्नमॅन’ या नावाने होणाऱ्या स्पर्धा तोच आकडा पाळतात. कोणत्याही शरीरशास्त्रज्ञाने तो ठरवलेला नाही.

त्या पहिल्या शर्यतीचा निकाल आजही अभ्यासण्यासारखा आहे. नौदलाच्या विशेष दलातील माजी सैनिक जॉन डनबर हा सायकल संपेपर्यंत आघाडीवर होता, आणि मॅरेथॉनमध्येही बराच काळ पुढेच राहिला. पण त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले. त्यांनी त्याला बिअर दिली. मागून येणारा टॅक्सीचालक गॉर्डन हॅलर आपल्या चालीने धावत राहिला आणि पुढे गेला. हॅलरची वेळ ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद. डनबर त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने आला. डनबर ताकदीत कमी पडला असे कोणी म्हणणार नाही. तो पुरवठ्यात कमी पडला. व्यापारी घरांत वाढलेल्या वाचकांना हा प्रकार नवा वाटू नये: दुकानात माल भरपूर, गिऱ्हाईक दारात, आणि नेमक्या त्याच दिवशी गल्ल्यात रोकड नाही.

दीर्घ पल्ल्याच्या या खेळाकडे दुरून पाहणाऱ्याला तो जिद्दीचा आणि स्नायूंचा खेळ वाटतो. जवळून पाहिले तर तो प्रामुख्याने जमाखर्चाचा खेळ आहे. आकडे मांडून पाहावेत.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा जो साठा असतो, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो साधारण पाचशे ग्रॅमचा. त्यातून सुमारे २,००० कॅलरी मिळतात. ही हातातली रोकड. त्याच माणसाच्या अंगावर शेकडा पंधरा चरबी धरली तर ती साडेदहा किलो होते, आणि तिच्यात जवळजवळ ८०,००० कॅलरी साठवलेल्या असतात. ही स्थावर मालमत्ता. पूर्ण अंतराच्या शर्यतीचा खर्च माणसागणिक बदलतो, पण तो अंदाजे आठ ते दहा हजार कॅलरींच्या घरात जातो. नऊ हजार धरू. वाटेत खाल्लेल्या अन्नापैकी आतडी ताशी साठ ग्रॅम ग्लुकोज सहज शोषू शकतात. ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज असेल तर सरावाने हे प्रमाण नव्वद ग्रॅमपर्यंत नेता येते, कारण दोन्ही साखरांचे शोषणाचे मार्ग वेगळे आहेत. साठ ग्रॅम म्हणजे २४० कॅलरी. पाण्यात असताना खाता येत नाही, म्हणून पुढचे बारा तास धरले तर जमा होते सुमारे २,९०० कॅलरी. आरंभीची शिल्लक दोन हजार, वाटेतील जमा दोन हजार नऊशे, खर्च नऊ हजार. तूट चार हजारांच्या वर.

ही तूट चरबी भरून काढते, आणि चार हजार कॅलरींसाठी अर्धा किलो चरबीही पुरते. मग अडचण कोठे आहे? अडचण वेळेची आहे. जमीन विकून पैसा उभा करता येतो, पण संध्याकाळच्या हुंडीला तो उपयोगी पडत नाही. चरबी सावकाश जळते. माणूस बेताच्या गतीने चालला तर शरीर खर्चाचा मोठा भाग चरबीवर टाकते. गती वाढली, श्वास धापेचा झाला, की तेच शरीर साखर उधळू लागते. दुपारी बाराला कोणी दहा मिनिटे जोशात सायकल हाणली तर त्याची वसुली संध्याकाळी सहाला मॅरेथॉनमध्ये होते. साखर संपली की पाय जड होतात, डोके काम देईनासे होते, साधी बेरीज जमत नाही. अनुभवी खेळाडूंना ही अवस्था चांगली ठाऊक असते आणि ते तिला भितात.

६ फेब्रुवारी १९८२ रोजी ही अवस्था साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिली. तोवर शर्यत ओआहू सोडून हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना येथे आली होती. तेथील रस्ता काळ्या लाव्हाच्या पठारातून जातो, ऊन आणि वारा दोन्ही बेसुमार. ज्युली मॉस नावाची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी व्यायामशास्त्राच्या आपल्या प्रबंधासाठी अनुभव गोळा करायचा म्हणून उतरली होती. ती महिलांमध्ये आघाडीवर आली आणि आघाडीवरच राहिली. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय निकामी झाले. ती पडली, उठली, चालली, पुन्हा पडली. अंतिम रेषा काही मीटरांवर असताना कॅथलीन मॅकार्टनी बाजूने धावत गेली आणि जिंकली. मॉसने उरलेले अंतर हातापायांवर रांगत पार केले आणि हात रेषेपलीकडे टाकला. दोघींच्या वेळांत २९ सेकंदांचे अंतर होते: ११ तास ९ मिनिटे ४० सेकंद आणि ११ तास १० मिनिटे ९ सेकंद.

त्या चित्रफितीने हा खेळ जगाला माहीत करून दिला, आणि मॉसचे धैर्य निर्विवाद आहे. तरीही त्या दृश्याचा जो गौरव पुढे वर्षानुवर्षे झाला तो थोडा जपून स्वीकारावा. रांगणे हे ध्येय नव्हे. ते खाते ओव्हरड्राफ्टमध्ये गेल्याचे चिन्ह आहे, आणि त्यापुढे शरीर नावाची बँक व्याज कसे आकारील याचा भरवसा नसतो.

शहाणपणाची दुसरी गोष्ट सात वर्षांनंतरची, आणि ती मॉसइतकी प्रसिद्ध नाही, याचे वाईट वाटते. मार्क ॲलन हा कॅलिफोर्नियाचा खेळाडू इतर ठिकाणी जिंकत असे, पण हवाईत सहा प्रयत्नांत त्याला विजय मिळाला नव्हता. त्याच काळात डेव्ह स्कॉट याने तेथे सहा वेळा विजेतेपद मिळवले होते. ॲलनने फिल मॅफेटोन या प्रशिक्षकाचे एक साधे सूत्र बरीच वर्षे पाळले होते: १८० मधून वय वजा करावे आणि सरावात हृदयाचे ठोके त्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नयेत. ॲलनने स्वतःच लिहून ठेवले आहे की पूर्वी तो एक मैल साडेपाच मिनिटांत धावत असे आणि ठोके १९० पर्यंत जात. नव्या मर्यादेत, १५५ ठोक्यांवर, त्याला मैलाला सव्वाआठ मिनिटे लागू लागली. अव्वल दर्जाच्या धावपटूला हे अपमानास्पद वाटावे इतके संथ होते. त्याने ते सोसले. सुमारे वर्षभरात त्याच १५५ ठोक्यांवर तो मैल ५ मिनिटे २० सेकंदांत धावू लागला.

१४ ऑक्टोबर १९८९ रोजी ॲलन आणि स्कॉट आठ तास जवळजवळ खांद्याला खांदा लावून राहिले. पाण्यात, सायकलवर, मॅरेथॉनच्या बहुतेक अंतरात दोघांमध्ये हातभर अंतर. शेवटच्या चढावर ॲलन निसटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. वेळ ८ तास ९ मिनिटे १५ सेकंद. पुढे त्यानेही एकूण सहा विजेतेपदे मिळवली.

या मासिकाच्या घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जाईल, की अशा श्रमांना आपला आहार पुरेल का. हरलेला डेव्ह स्कॉट त्या वर्षांत शाकाहारी होता, आणि काटेकोर इतका की कॉटेज चीजमधील स्निग्धांश जावा म्हणून ते पाण्याने धुऊन खाई, असे सांगतात. अमेरिकेचा स्कॉट जुरेक याच्या ताटात तर दूधही नसे. शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स ही डोंगरातील शर्यत त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे जिंकली. धान्य, डाळी, फळे यांवर मोठे अंतर कापता येते, हा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही.

खरी अडचण तपशिलात आहे. शर्यतीत खाण्यासाठी मिळणाऱ्या ऊर्जावर्धक पाकिटांपैकी काहींत मध असतो, आणि चघळायच्या काही गोळ्यांत जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून बनते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपल्या स्त्रियांना आहेच. ती येथे कामी येते. पाण्याच्या टेबलांवर खारवलेला उकडलेला बटाटा ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तो न चालणाऱ्यांनी केळी, खजूर, गुळाची राजगिऱ्याची चिक्की, साखर-मीठ-लिंबाचे पाणी यांवर भिस्त ठेवावी. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मेनिम्मे असतात, त्यामुळे घरचे लिंबू सरबत हे शास्त्राच्या दृष्टीनेही कमी दर्जाचे पेय नाही. मात्र जे शर्यतीत खायचे ते आधी महिनोन्महिने सरावात खाऊन पाहिलेले असावे. आतड्यांनाही सराव लागतो.

वेळेची अडचण याहून अवघड. पूर्ण अंतराला साधारणपणे १७ तासांची मुदत असते. सकाळी सातला सुरुवात झाली तर मध्यरात्र होते. बहुसंख्य हौशी स्पर्धक बारा ते सोळा तासांत येतात, म्हणजे सूर्यास्तानंतर कित्येक तास त्यांना खात-पीत राहावे लागते. चौविहार पाळणाऱ्याला हे जमणारे नाही, आणि न खाता-पिता ते तास काढणे धोक्याचे आहे. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत, जिची बेरीज ७०.३ मैल म्हणजे ११३ किलोमीटर होते, मुदत साधारण साडेआठ तासांची असते. ती दिवसाउजेडी संपते. तरी पहाटे चारच्या नाश्त्याचा प्रश्न नवकारशी करणाऱ्यांपुढे उरतोच. या बाबतीत ज्याने त्याने आपल्या व्रताशी आणि वैद्याशी प्रामाणिक राहून निर्णय घ्यावा; आयोजक त्यात काही करू शकत नाहीत.

पाण्याविषयी उलटा गैरसमज आहे. जितके पाणी प्यावे तितके चांगले, असे सांगितले जाते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर तपासले गेले, त्यात शेकडा १३ जणांचे सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. त्यांतील अनेकांचे वजन शर्यतीत वाढले होते, म्हणजे घामापेक्षा पाणी अधिक गेले होते. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांना हा धोका जास्त होता. रक्तातील क्षार पातळ होणे हे मेंदूच्या सुजेपर्यंत आणि मृत्यूपर्यंत जाऊ शकते. तहानेप्रमाणे पिणे आणि मीठ सोबत ठेवणे, एवढेच पुरते.

आणि हृदय. पन्नाशी ओलांडलेले, दुकानाची घडी बसवून मुलांच्या हाती कारभार देऊ लागलेले गृहस्थ या खेळाकडे वळत आहेत. ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांच्या घरच्यांनी एक आकडा जरूर वाचावा. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रसंग एका अभ्यासगटाने मोजले. तो अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ प्रसंग, लाखामागे १.७४. हे प्रमाण अल्प आहे. पण साठीवरील पुरुषांत तेच लाखामागे १८.६ होते, म्हणजे दहापटीहून अधिक. १३५ पैकी ९० प्रसंग पोहताना घडले. शवविच्छेदनाचे अहवाल मिळाले त्यांतील बऱ्याच जणांच्या हृदयात आधीपासून दोष होता, आणि तो कळलेला नव्हता. सायकलीवर लाख-दोन लाख रुपये खर्च करणारा माणूस हृदयाच्या ताणचाचणीसाठी काही हजार खर्च करायला कुरकुर करतो, हे आश्चर्य नव्हे काय?

तयारीला सहा ते आठ महिने लागतात, आठवड्याला दहा ते पंधरा तास. पोहणे हे आपल्याकडील प्रौढांचे सर्वांत कच्चे अंग. तलावातील पोहणे आणि लाटांतील पोहणे यांत फार फरक, म्हणून किनाऱ्यावर आधी जाऊन सराव करणे अपरिहार्य. सायकलवरून उतरताच धावण्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण पहिला दीड-दोन किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत. रविवारची पाच-सहा तासांची सायकल फेरी हा या तयारीचा कणा, आणि कुटुंबाच्या तक्रारीचे मूळही तेच. हे पंधरा तास कोणाच्या तरी वाट्यातून येतात: पत्नीच्या, नातवंडांच्या, पेढीवर बसणाऱ्या भावाच्या. नोंदणी शुल्क भरण्यापूर्वी ही बैठक घरात झालेली बरी.

महाराष्ट्राला या खेळाची ओळख करून देण्यात मिलिंद सोमण यांचा वाटा मोठा. जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी झुरिक येथील पूर्ण अंतराची स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. त्याच वर्षी नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. भारतीय संघाने ती पूर्ण करण्याची ती पहिली वेळ. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच शर्यत एकट्याने पूर्ण करून आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची स्पर्धा गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरली, आणि मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या हौशी मंडळींना परदेशवारीची गरज उरली नाही.

वयाचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेतील जोगीण मॅडोना बुडर यांचा उल्लेख टाळता येणार नाही. जन्म १९३०. धावणे सुरू केले ते अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, आणि २०१२ साली ब्याऐंशीव्या वर्षी कॅनडात पूर्ण अंतर मुदतीत संपवले. त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान जपानचे हिरोमु इनादा. सार्वजनिक प्रसारण संस्थेत वार्ताहर म्हणून आयुष्य गेले, पोहायला शिकले साठीनंतर, पहिली ट्रायथलॉन सत्तराव्या वर्षी. २०१५ मध्ये कोनाला ते अंतिम रेषेच्या अगदी जवळ येऊन पडले, उठले, आणि रेषेवर पोहोचले तेव्हा मुदत अवघ्या काही सेकंदांनी संपून गेली होती. नियमाप्रमाणे त्या दिवशीच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि मुदतीत संपवले.

कोनाला एक रीत आहे. दुपारीच जिंकून मोकळे झालेले विजेते अंघोळ-जेवण उरकून मध्यरात्रीच्या सुमारास पुन्हा अंतिम रेषेवर येतात आणि शेवटच्या स्पर्धकांसाठी टाळ्या वाजवतात. २०१८ साली त्या रेषेवर इनादा आले तेव्हा त्यांचे वय ८५ होते आणि त्यांची वेळ १६ तास ५३ मिनिटे ४९ सेकंद.